गावच्या रेडिओवर जॅझचा आठवडा लावायचा असेल तर

२४ ते ३० एप्रिल. आठवडा हाच धरा. २५ तारखेला गायिका एला फिट्झजेराल्डचा जन्मदिवस (१९१७), २९ ला बँड चालवणारा संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा (१८९९), आणि ३० ला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, जो युनेस्कोने २०११ मध्ये जाहीर केला आणि २०१२ पासून साजरा होतो. सातांपैकी तीन दिवस आयतेच ठरून जातात. परीक्षा उरकलेल्या असतात, त्यामुळे कॉलेजची पोरं हाताशी असतात. अडचणी म्हणाल तर लग्नसराई, वळीव आणि आयपीएल. वळवाबरोबर वीज जातेच, तेव्हा इन्व्हर्टरची बॅटरी आधी बघून घ्या. शिवाय १ मेचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम त्याच स्टुडिओत, त्याच माणसांना करायचा असतो. त्याचं रेकॉर्डिंग २२ तारखेच्या आत आटपा, नाहीतर शेवटच्या दोन दिवसांत जॅझही जातो आणि पोवाडाही.

मी मिरजेत एका कम्युनिटी रेडिओवर संगीताचे कार्यक्रम बघतो. घर बँडवाल्यांचं. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे, चुलते ट्रम्पेट. जॅझची माझी ओळख झाली ती या वाद्यांमुळेच. आमच्याकडे ज्या वाद्यांवर वरात निघते, त्याच वाद्यांवर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रा निघते. स्मशानाकडे जाताना संथ भजन, आणि परतताना नाचायची चाल. हे ऐकल्यावर घरातलं कोणी दचकलं नाही, चुलते एवढंच म्हणाले, "मग त्यांना सीझन बारा महिने असंल."

खालचं सगळं अशाच छोट्या केंद्रांसाठी आहे: शंभर वॅटच्या मर्यादेतला ट्रान्समीटर, दोन-तीन माइक, एक निवेदिका, आणि समितीत "इथं जॅझ कोण ऐकणार?" असं विचारणारा किमान एक सदस्य. त्या सदस्याशी वाद घालू नका. त्याला काय ऐकवायचं ते पुढे येतंच.

वेळ संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात ठेवा. सात वाजता टॉस होतो आणि साडेसातला सामना सुरू झाला की घरचे लोकसुद्धा तुमचं केंद्र लावत नाहीत. तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला परत लावा. या पुनर्प्रक्षेपणाला कमी लेखू नका. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत कारागीर दुपारभर भोपळे तासत, पडदे बांधत बसलेले असतात. हात गुंतलेले, कान मोकळे. शिंप्याचं दुकान, सलून, पिठाची गिरणी, हे सगळे दुपारचे श्रोते. संध्याकाळच्या भागाला फोन जास्त येतात, पण लक्ष देऊन ऐकलं जातं ते दुपारीच.

आणि दिवसभर जॅझ लावायचा मोह आवरा. कम्युनिटी रेडिओच्या धोरणात निम्मा तरी मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेला हवा. धोरण बाजूला ठेवलं तरी शेतीचा सल्ला आणि आरोग्याचा कार्यक्रम काढून तिथे सॅक्सोफोन घातला, तर लोक सॅक्सोफोनलाच शिव्या देतील. पंचेचाळीस मिनिटं पुष्कळ झाली.

आधी हक्कांचं बघा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून मागे ठेवलं जातं, आणि ते आधी करायचं असतं. एका रेकॉर्डवर दोन वेगळे हक्क असतात: एक ध्वनिमुद्रणाचा, दुसरा मूळ रचनेचा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी चाल मोकळी झालेली असेलच असं नाही. एलिंग्टन १९७४ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या चाली २०३४ संपेपर्यंत हक्कात आहेत, रेकॉर्ड कितीही जुनी असो. परवाना मागायचा तो चालींसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे, ध्वनिमुद्रणासाठी ज्या कंपनीचं लेबल असेल तिच्याकडे किंवा तिच्या वतीने परवाना देणाऱ्या संस्थेकडे. कुठल्या दिवशी काय वाजणार याची यादी निदान महिनाभर आधी तयार करून पाठवा आणि लेखी होकार फाइलला लावा. "यूट्यूबवर तर आहे की" हे उत्तर फाइलमध्ये लावता येत नाही.

'प्रकाशित' या शब्दाकडे नीट बघा. एला फिट्झजेराल्डचा रोममधला कार्यक्रम २५ एप्रिल १९५८ ला, तिच्या वाढदिवशीच, मुद्रित झाला. पण तो बाजारात आला १९८८ मध्ये. हिशेब १९८८ पासून करायचा. मुद्रणाच्या तारखेवर गेलात तर फसाल.

पैसे भरायला कुरकुर करणारा व्यवस्थापक सगळीकडे असतो. त्याला सांगा की 'टेक फाइव्ह' या चालीचा रचनाकार पॉल डेस्मंडने आपल्या रॉयल्टीचा हक्क मृत्युपत्रात अमेरिकन रेड क्रॉसला दिला आहे. आमच्याकडे हे ऐकल्यावर चेकवर सही झाली.

सात दिवस, एक चाल

आता मुद्द्याचं. सात दिवसांत जॅझचा इतिहास शिकवायला जाऊ नका. १९१७ पासून सुरू करून दिवसाला दोन दशकं, असा तक्ता कागदावर फार सुंदर दिसतो आणि तिसऱ्या दिवशी निवेदिकेलाच झोप येते. त्याऐवजी एक चाल निवडा आणि ती रोज ऐकवा, रोज वेगळ्या हातातून. आपल्या श्रोत्याला ही सवय आहेच. एकच भैरवी दहा गायकांकडून ऐकून "याने ही जागा वेगळी घेतली" म्हणणारी माणसं मिरजेत चहाच्या टपरीवर भेटतात. मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत होणाऱ्या मैफलींना रात्र रात्र बसलेली माणसं आहेत ही. पण जॅझमध्ये त्यांना मूळ चालच माहीत नसते. त्यामुळे वादक तिच्याशी काय खेळतोय हे कळत नाही आणि सगळाच गोंगाट वाटतो. आधी चाल कानात बसवा. मग उपज आपोआप कळते.

माझी निवड 'सेंट लुई ब्लूज'. डब्ल्यू. सी. हँडीने ती १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. हँडी १९५८ मध्ये वारला, त्यामुळे आपल्याकडे रचना २०१९ पासून मोकळी आहे. ती ज्याने वाजवली नाही असा जुना जॅझवाला शोधून सापडणार नाही. आणि तिची बांधणी रेडिओवर सांगता येण्यासारखी आहे: बारा-बारा बारचं आवर्तन, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. मध्येच एक सोळा बारचा तुकडा येतो, त्यात ठेका बदलून हबानेराचा, म्हणजे क्यूबाकडच्या एका नाचाचा, होतो, आणि मग चाल परत ब्लूजवर येते. गाण्याची सुरुवातच आहे ती मावळता सूर्य बघवत नाही म्हणणाऱ्या बाईची. साडेसहाला, दिवेलागणीच्या सुमारास लावा. निवेदनाचं अर्धं काम वेळच करते.

पहिला दिवस: बेसी स्मिथ

पहिल्या दिवसाची रेकॉर्ड १४ जानेवारी १९२५ ची. गाते आहे बेसी स्मिथ. कॉर्नेटवर, म्हणजे ट्रम्पेटच्या आखूड भावंडावर, लुई आर्मस्ट्राँग, वय तेवीस. आणि साथीला फ्रेड लाँगशॉ, पेटीवर. खरोखरची पेटी. म्हणजे संगीत नाटकात जो ऑर्गन असायचा त्या जातीचं वाद्य. ढोल नाही, पियानो नाही, झांज नाही. समितीतल्या त्या सदस्याला ही रेकॉर्ड ऐकवा. सत्तरीतल्या माणसाला, ज्याने रात्र रात्र नाट्यपदं ऐकली आहेत, त्या पेटीचा लांबलेला सूर ओळखायला पाच सेकंदसुद्धा लागत नाहीत. आमचे एक काका म्हणाले, "बाई कोण हाय म्हाईत नाही, पण पेटीवाला सांभाळून घेतोय बघा."

कॉर्नेटकडे लक्ष वेधा. बेसी ओळ संपवते आणि श्वास घेते. त्या फटीत आर्मस्ट्राँग दोन-चार स्वर टाकतो आणि बाजूला होतो. ती परत सुरू करायच्या आत तो थांबलेला असतो. सारंगीची साथ ऐकलेल्या कानाला एवढी एक खूण पुरते.

रेकॉर्ड तीन मिनिटांच्या थोडी वर आहे. पहिल्या दिवशी ती दोनदा लावा. आधी काहीही न सांगता, अगदी नावसुद्धा नाही. मग हे निवेदन:

"ही पेटी ऐकलीत? १९२५ साल, न्यूयॉर्क. पेटीवर फ्रेड लाँगशॉ. गाणारी बेसी स्मिथ. आणि ती श्वास घेते तेव्हा मध्ये बोलणारा कॉर्नेट लुई आर्मस्ट्राँगचा. आता पुन्हा ऐकू. यावेळी फक्त कॉर्नेट ऐका. तो कधी गप्प बसतो, तेवढंच बघा."

बस्स. तीस सेकंदांत आटोपतं. 'ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं' वगैरे तत्त्वज्ञान नको.

त्यानंतर आर्मस्ट्राँगने १९५४ मध्ये हँडीच्या चालींची सबंध एलपी केली, तिच्यातली हीच चाल लावा. ती जवळजवळ नऊ मिनिटांची आहे. तेवीस वर्षांचा पोरगा आणि बावन्न वर्षांचा बाप्या एका भागात शेजारी बसतात, आणि श्रोत्याला एक अक्षर न समजावता काळ कळतो.

मधले दिवस

२५ ला एला. रोमच्या त्याच मैफलीत तिने 'सेंट लुई ब्लूज' गायली आहे. शब्द संपले की ती निरर्थक अक्षरांवर सुटते, ट्रम्पेटसारखी. सरगम-तराण्याची सवय असलेल्या श्रोत्याला फार काही सांगावं लागत नाही. गाण्याच्या क्लासमधल्या मुलींना स्टुडिओत बोलवा आणि तिची एखादी छोटी जागा उचलायला सांगा. त्या अडखळतात, हसतात, परत घेतात. ते तसंच प्रसारित करा, कापू नका.

२६ हा घरचा दिवस. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. मागोमाग पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला आणि तो इथेच राहिला. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. यांच्याकडून ऐकून ऐकून तयार झाले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आल्दोनाचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आणि त्याच्याबरोबर काम करणारे संगीतकार आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. १९५१ च्या 'अलबेला'त चिक आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. त्यातलं 'शोला जो भडके' बँडवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवलेलं आहे. या दिवशी फोन थांबत नाहीत, तेव्हा दोन माणसं फोनवर बसवा. हक्कांचं मात्र इथेही विसरू नका: चितळकर १९८२ मध्ये गेले, चाली हक्कात आहेत.

२७ ला रेडिओचाच दिवस करा. श्रोत्यांना हा विषय आवडतो आणि तुमच्या पोरांना आपण काय करतोय ते कळतं. १९३६ मध्ये नवे वादक हेरणारा जॉन हॅमंड शिकागोत मोटारीतल्या रेडिओची सुई फिरवत असताना कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबमधून थेट वाजणारा काउंट बेसीचा बँड त्याच्या कानावर पडला. एका छोट्या प्रायोगिक केंद्राचं प्रसारण होतं ते. तिथून काउंट बेसी न्यूयॉर्कला पोचला. बेनी गुडमनचा बँड १९३४-३५ मध्ये शनिवारी रात्री एनबीसीवर वाजायचा. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटलेली, लोक झोपलेले. पण लॉस एंजेलिसचं घड्याळ तीन तास मागे, तिथली तरुण पोरं जागी होती. २१ ऑगस्ट १९३५ ला बँड तिथल्या पालोमार बॉलरूममध्ये पोचला तेव्हा गर्दी आधीच चाली ओळखत होती. वेळेचं महत्त्व पटवायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. आमच्या समितीत साडेसहाची वेळ याच गोष्टीवर मंजूर झाली.

न्यू ऑर्लिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे रेडिओ केंद्र १९८० मध्ये सुरू झालेलं. ते पहिल्यांदा टिपिटिनाज नावाच्या क्लबच्या माडीवर होतं, आणि खालचा कार्यक्रम प्रसारित करायला जमिनीच्या भोकातून माइक खाली सोडायचे. त्यांच्याकडून मी एक गोष्ट सरळ उचलली आहे: गावात आज गाणं-वाजवणं कुठे आहे, याची यादी रोज हवेवर वाचायची. आठवडाभर प्रत्येक भागाच्या शेवटी एक मिनिट द्या. अमुक मंदिरात भजन, तमुक हॉलमध्ये क्लासचा कार्यक्रम, दर्ग्यात कव्वाली. जॅझच्या आठवड्यात कव्वालीची जाहिरात कशाला, असं विचारणारे विचारोत.

२८ ला पियानोवाला डेव्ह ब्रुबेक. त्याची चौकडी १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर भारतात आली होती, मुंबईलाही वाजवून गेली. पुढच्या वर्षी त्याची जी एलपी आली तिच्यात 'टेक फाइव्ह' पाच मात्रांत, तीन-दोन. आणि 'ब्लू रोंडो आ ला तुर्क' नऊ मात्रांत: दोन, दोन, दोन, तीन. या दिवशी गावातला एखादा तबल्याचा शिक्षक स्टुडिओत हवाच. माझ्याकडे आलेल्या गुरुजींनी पहिल्यांदा ऐकताना तबला उघडलासुद्धा नाही. टेबलावर बोटांनी ठोके धरले, दुसऱ्या आवर्तनाला मान हलली, आणि चौथ्याला ते समेवर माझ्याकडे बघून हसले. हे टेबलावरचे ठोके माइकमध्ये आले पाहिजेत, म्हणून एक माइक टेबलाजवळ खाली ठेवा. मग त्यांना नऊ मात्रा तोंडाने मोजायला सांगा आणि श्रोत्यांना घरी टाळी द्यायला. आठवड्याची चाल इथेही आहे: ब्रुबेकने २१ फेब्रुवारी १९६३ चा कार्नेगी हॉलमधला कार्यक्रम 'सेंट लुई ब्लूज'नेच उघडला. ती फार लांब आहे, सगळी लावू नका. पण कापायची असेल तर आवर्तन संपताना हळूहळू आवाज उतरवा, मध्येच तोडू नका.

२९ एलिंग्टनचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं रेडिओ केंद्र डब्ल्यूकेसीआर या दिवशी चोवीस तास फक्त एलिंग्टन लावतं. तुम्ही पंचेचाळीस मिनिटं लावा. १९६३ मध्ये तो बँड घेऊन भारतात आला आणि दिल्लीत आजारी पडला. या दौऱ्यातून जो संच पुढे १९६७ मध्ये निघाला, त्यात बिली स्ट्रेहॉर्नने एका साळुंकीवर रचना केली आहे. दिल्लीत खोलीबाहेर ती शीळ घालायची म्हणे. जिमी हॅमिल्टनचं क्लॅरोनेट ती शीळ घेऊन येतं आणि मागून अख्खा बँड कोसळतो. लहान मुलांना विचारा: पक्षी कोणता? फोनवर आलेली उत्तरं कोकीळ, बुलबुल, एकदा तर पोपट. बक्षीस वही-पेन्सिल.

बोलायचं किती

कमी. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओवर विलिस कॉनोव्हर १९५५ पासून शॉर्टवेव्हवर जॅझ लावायचा. इंग्रजी ज्यांची भाषा नाही त्यांनाही कळावं म्हणून तो मुद्दाम सावकाश, सोपं बोलायचा. पोलंड-रशियापासून आपल्यापर्यंत लोक कानाला रेडिओ लावून बसायचे. दुसऱ्या टोकाला डब्ल्यूकेसीआरचा फिल शाप. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या एका रेकॉर्डिंगवर तो बोलायला लागला की गाण्यापेक्षा बोलणंच लांबायचं. त्याच्याकडे ज्ञान अफाट होतं आणि ऐकणारेही तसे होते. आपण शाप नाही.

निवेदिकेला सांगा: वाजवणाऱ्याचं नाव आधी एकदा, नंतर एकदा. एका निवेदनात साल एकच. टाळ्या असलेल्या रेकॉर्डवर टाळ्या संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि "चला तर मग मंडळी, ऐकू या एक धमाकेदार" हे वाक्य सात दिवस कुलपात. उच्चार आदल्या दिवशी एकत्र बसून ठरवा आणि देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहा. हवेवर पियानोवाल्या मंकचं 'थेलोनियस' हे नाव वाचायची पाळी पहिल्यांदाच येऊ देऊ नका.

पंचेचाळीस मिनिटांचा माझा हिशेब साधारण असा: वाजवणं तीस, बोलणं सात, फोन चार, बाकी जाहिराती आणि गावची यादी. जाहिरातींना तासाला बारा मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण या भागात एवढ्या घेऊ नका. फोनवर "कसं वाटलं?" विचारलं तर "छान वाटलं" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा "शेवटी कुठलं वाद्य वाजत होतं?" असं विचारा. माणूस खरोखर विचार करतो आणि मग आपणहून बोलायला लागतो.

मशीनच्या खोलीत

छोट्या केंद्रांवरचा प्रोसेसर, म्हणजे हळू-मोठा आवाज एका पातळीवर आणणारं यंत्र, बोलण्यासाठी कसून लावलेला असतो. जॅझमध्ये ड्रमवर ब्रश फिरत असतो. असा प्रोसेसर त्याचा नुसता फुसफुसाट करून टाकतो. या पाऊण तासासाठी वेगळं, सैल सेटिंग करून ठेवा. जुन्या रेकॉर्डची खरखर पुसायला जाऊ नका, खरखरीबरोबर कॉर्नेटची धारही जाते. खालची घरघर कापलीत तेवढं पुरे.

ऑटोमेशन वापरत असाल तर त्यात शांततेचा अलार्म असतो: ठरावीक सेकंद आवाज आला नाही की सॉफ्टवेअर आपणहून जिंगल टाकतं. बासचा एकट्याचा हळू तुकडा त्याला शांतताच वाटते. गंभीर चाल चाललेली असताना "तुम्ही ऐकत आहात..." म्हणून जिंगल उसळली तर सगळी हवा जाते. त्या स्लॉटपुरती मर्यादा वाढवून ठेवा.

आणि यादी पक्की करण्याआधी प्रत्येक रेकॉर्ड साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, तीही सलूनमध्ये, पंखा चालू असताना. बास तिथे गायब होतो. ज्या रेकॉर्डमध्ये सगळी गंमत बासवर आहे ती कितीही लाडकी असली तरी बाजूला ठेवा. ट्रम्पेट, क्लॅरोनेट, पियानोचा उजवा हात आणि माणसाचा गळा, हे सगळीकडून पार होतात.

३० एप्रिल: बँड

शेवटच्या दिवशी रेकॉर्ड एकच: दुसऱ्या महायुद्धात ग्लेन मिलरच्या लष्करी बँडने 'सेंट लुई ब्लूज'चा मार्च केला होता, तो. त्यानंतर गावातला बँड, थेट.

बँडमास्तरांकडे निदान महिनाभर आधी जा. एप्रिलअखेर म्हणजे त्यांची सुपारी सहा महिन्यांपूर्वीच ठरलेली असते. कागद देऊ नका. आमचे मास्तर म्हणाले, "नोटेशन राहू द्या. चाल मोबाइलवर टाका, पोरं दोन वरातींत बसवतील." आणि बसवली. सूर काळी पाच घ्या. ट्रम्पेट आणि क्लॅरोनेट दोन्हींना तो सोयीचा. युफोनियमने, म्हणजे खालच्या सुराच्या मोठ्या पितळी वाद्याने, बारा बार धरून ठेवायचे, बाकीच्यांनी एकेक आवर्तन आपल्या मनाने घ्यायचं. "मनाने म्हणजे काय वाजवायचं?" असं एका पोराने विचारलं. मास्तरांनी त्याला सांगितलं, "वरात अडकल्यावर नवरदेवाचा मामा पैसे उडवतो तेव्हा काय वाजवतोस? तेच." मधल्या हबानेराच्या तुकड्याला साईड ड्रमवाला घाबरेल असं वाटलं होतं, आठ मात्रांत तीन-एक-दोन-दोन असे ठोके टाळीने दाखवले, त्याने लगेच धरले.

स्टुडिओ लहान असतो आणि बँडला रस्त्याची सवय असते. क्लॅरोनेट माइकपासून दोन हातांवर, ट्रम्पेट भिंतीला आणि तोंड तिरकं, साईड ड्रम बाहेरच्या पॅसेजमध्ये, दार उघडं. उन्हाने क्लॅरोनेटचा सूर चढतो आणि कॅसिओचा जागचा हलत नाही. म्हणून सगळ्यांना वीस मिनिटं आधी त्याच खोलीत बसवून, वाजवून घेऊन मग सूर जुळवा. पंखा बंद ठेवावा लागतो, तेव्हा पाणी आणि टॉवेल ठेवा. मोठा ढोल आत आणायचा हट्ट ते धरतात. आणू देऊ नका, काचा वाजतात.

भाग रेकॉर्ड होतोय ना ते दोनदा बघा. प्रसारित केलेला सगळा मजकूर तीन महिने जपून ठेवणं नियमाने बंधनकारक आहेच, पण बँडला त्यांची प्रत पेनड्राइव्हवर त्याच दिवशी द्या. पुढच्या सुपारीला ती त्यांच्या कामाची असते. मानधन रोख आणि वाजवायच्या आधी, वरातीच्या दराने. आणि सव्वासातला म्हणजे सव्वासातलाच सोडा. आठ वाजता त्यांना कुठेतरी घोड्यापुढे उभं राहायचं असतं.